कोबोल आजीची तार

स्टोरेज फुल. हा मेसेज या आठवड्यात तुमच्या फोनवर किती वेळा आला? आधी तुम्ही गुड मॉर्निंगचे फोटो उडवले असतील, मग मामाच्या पोराच्या लग्नातले व्हिडिओ. तरी फोन रडतोच. पैसे पाठवायचं ॲप उघडायला घेतलं की गोल चक्र फिरत बसतं आणि मागे रांगेतला माणूस खाकरतो. दुकानदार म्हणतो फोन जुना झाला, नवा घ्या. पण जरा आठवून बघा. हाच फोन नवा होता तेव्हा हेच ॲप झटक्यात उघडायचं. फोन तोच, तुमचं काम तेच. मग मधल्या मध्ये जड झालं ते काय?

ढोकीच्या पोरांना हे समजायला एक शब्द पुरे आहे : उतारा. तेरणा कारखान्याच्या गावात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको, १०० टन ऊस गाळला की साखर निघते दहा-अकरा टनांच्या आसपास. बाकी चिपाड, मळी आणि पाणी. उसाचा भाव ठरतो त्यात या उताऱ्याच्या आकड्याला केवढं वजन असतं! आता हाच प्रश्न ॲपला विचारा. दीडशे-दोनशे एमबीचं ॲप तुम्ही उतरवून घेतलंत, त्यात तुमच्या कामाची साखर किती आणि पाचट किती? कारखाना निदान चिपाड जाळून वाफ आणि वीज करतो. ॲपमधलं पाचट मात्र तुम्हीच वाहायचं, तुमच्याच रिचार्जवर, तुमच्याच बॅटरीवर.

सॉफ्टवेअरच्या या अंगावर चढलेल्या चरबीबद्दल इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रात्री वाद रंगतात. धाराशिव असो, तुळजापूर असो, लातूर असो, वाद एकच. एक म्हणतो सगळा दोष जावास्क्रिप्टचा. दुसरा म्हणतो पायथननं पोरं आळशी झाली, सी मध्ये लिहा म्हणजे कळेल. तिसऱ्याला नुसतं एवढंच हवं असतं की नोकरीसाठी कुठली भाषा शिकू ते सांगा. तुम्हाला वाटेल हे आत्ताचं भांडण आहे. अजिबात नाही. ते ७० वर्षांहून जुनं आहे आणि त्याच्या अगदी सुरुवातीला एक बाई उभी आहे. गंमत म्हणजे ती दोन्ही बाजूंना उभी आहे. कॉम्प्युटरला माणसाच्या जवळची भाषा शिकवण्याचा हट्ट तिचा, आणि एक अब्जांश सेकंदाची उधळपट्टी झाली तरी प्रोग्रामरला धारेवर धरणारीही तीच. ग्रेस हॉपर तिचं नाव.

ग्रेस मरे न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ ला जन्मली. तीन भावंडांत थोरली. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिनं ते उघडलं. जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत सात घड्याळं खोलून ठेवली. आईनं रट्टे दिले नाहीत, फक्त यापुढे एकाच घड्याळाला हात लावायचा असा नियम केला. पुढे व्हासार कॉलेजच्या प्रवेशाला लॅटिनमध्ये नापास झाली, वर्षभर थांबून पुन्हा बसली. १९२८ मध्ये पदवी घेतली आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. तेव्हाच्या अमेरिकेतही हे बाईमाणसाला सोपं नव्हतं. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं होतं आणि व्हासारमध्ये शिकवायलाही सुरुवात झाली होती. सगळं मार्गी लागलेलं. पेन्शनीत निघायची प्राध्यापकी.

मग महायुद्ध आलं. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते, त्यामुळे ग्रेसबाईंना नौदलातच जायचं होतं. आधी वय जास्त म्हणून नकार मिळाला. वजनही कमी भरलं, पुरते १५ पौंड कमी. वजनासाठी खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव दलात शिरल्याच. वय ३७. बाकीच्या मुली त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. पोलीस भरतीला दोन-तीनदा उंचीत किंवा छातीत राहिलेल्यांना या परिच्छेदाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. प्रशिक्षणात त्या तुकडीत पहिल्या आल्या आणि नेमणूक झाली ती जहाजावर नाही, हार्वर्ड विद्यापीठातल्या एका खोलीत.

त्या खोलीत एक यंत्र होतं, मार्क वन. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन साधारण ५ टन. एका सेकंदात ते तीन बेरजा करायचं. एका भागाकाराला १५ सेकंद लागायचे. लक्षात ठेवायचं ७२ आकडे. आज्ञा द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून. यंत्राचे प्रमुख हॉवर्ड एकन यांनी आल्या आल्या बाईंच्या हातात एक गणित ठेवलं आणि पुढच्या गुरुवारची मुदत दिली. यंत्र काय असतं हे माहीत नसलेल्या माणसाला! बाईंनी ते केलं आणि पुढे या यंत्राची ५६१ पानांची माहितीपुस्तिकाही लिहिली. युद्ध चालू होतं, त्यामुळे गणित कशासाठी आहे हे विचारायचं नाही असा कायदाच होता. १९४४ मध्ये त्या यंत्रावर सोडवलेलं एक गणित स्फोटाच्या आत दबणाऱ्या गोळ्याचं होतं. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बची रचना त्याच तत्त्वाची, हे सगळ्यांना नंतर समजलं. चांगली गणितं नेहमी चांगल्याच कामाला लागतात असं नाही.

जाता जाता ती पतंगाची गोष्ट. प्रोग्राममधल्या चुकीला बग म्हणतात आणि तो शब्द ग्रेस हॉपरनी काढला असं तुम्ही रीलवर ऐकलं असेल. अर्धंच खरं आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू नावाच्या पुढच्या यंत्राच्या रिलेत खरंच एक पतंग अडकून मेला होता आणि तो काढून नोंदवहीत टेपनं चिकटवला गेला. पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची. बाईंनी ती गोष्ट आयुष्यभर इतकी रंगवून सांगितली की पतंग त्यांच्याच नावावर बसला.

युद्ध संपलं आणि बाईंची पडझड सुरू झाली. घटस्फोट झाला. वय जास्त म्हणून नौदलात कायम होता आलं नाही. हार्वर्डनं पक्की नोकरी दिली नाही. त्या पिऊ लागल्या, आणि ते प्रकरण साधं नव्हतं. मित्रांनी सांभाळून घेतलं. १९४९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियातली एक छोटी, पैशांची कायम ओढाताण असलेली कंपनी धरली. एकर्ट आणि मॉक्ली या दोघांची. तिथे युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर तयार होत होता. विकायचा कॉम्प्युटर.

आता इथे जरा थांबा, कारण आपलं भांडण इथे जन्माला येतं.

युनिव्हॅकची मेमरी हजार शब्दांची होती, एका शब्दात १२ अक्षरं. म्हणजे सगळी मिळून १२ हजार अक्षरं. तुम्ही वाचताय तो हा लेख त्यात पूर्ण मावला नसता. प्रोग्राम लिहायचा तो थेट यंत्राच्या सांकेतिक आज्ञांमध्ये. अमुक खणातला आकडा उचल, तमुकमध्ये मिळव, इथे ठेव. वर्गमूळ काढायचं असेल तर ते काम आधी कुणीतरी केलेलं असायचं; त्याच्या वहीतून तो तुकडा तुम्ही स्वतःच्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि त्यातले सगळे खणांचे क्रमांक आपल्या जागेप्रमाणे वाढवून घ्यायचे. बाईंच्या लक्षात आलं की शिकलीसवरलेली माणसं दोन गोष्टींत हमखास चुकतात, नक्कल करण्यात आणि बेरीज करण्यात. आणि ज्या यंत्राला नक्कल आणि बेरीज याच दोन गोष्टी बिनचूक येतात ते समोर उभं आहे. मग हे काम यंत्रानंच का करू नये?

१९५२ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. तपासून घेतलेले सगळे तुकडे एका टेपवर ठेवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रामरनं फक्त क्रमांक सांगायचे. यंत्र ते तुकडे शोधणार, क्रमानं जोडणार, खण बदलून घेणार आणि पूर्ण प्रोग्राम तयार करून देणार. याचं नाव ए-झिरो. कंपायलर हा शब्द बाईंनी वापरला तो यासाठी, म्हणजे संकलन करणारा. आजच्या अर्थानं तो कंपायलर नव्हता, जोडणी करणारा होता, पण दार उघडलं ते इथे.

आणि कुणी हात लावेना. चालणारी वस्तू समोर असून लोक म्हणत कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करू शकतो, प्रोग्राम लिहू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा होता, आणि तो आजही तोच आहे : यंत्रानं जोडलेला प्रोग्राम हातानं लिहिलेल्यापेक्षा फोफसा होणार. मेमरी एवढीशी, यंत्राचा एकेक तास सोन्याच्या भावाचा. अनुभवी प्रोग्रामर एकेक आज्ञा वाचवण्यात धन्यता मानायचे आणि ते चूक नव्हते.

हा ताण आपल्याकडेही होता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, एक शब्द ४० बिटचा. म्हणजे जेमतेम १० किलोबाइट. दोन जीबी रॅमच्या फोनला तुम्ही डबडा म्हणता ना, त्यात असे दोन लाख टिफ्रॅक बसतील. तिथे काम करणाऱ्याला प्रत्येक खण मोजावाच लागायचा. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन कॉम्प्युटर आला आणि फोरट्रान भाषेत लिहिता येऊ लागलं, तेव्हा मुंबईच्या किती गणिती मंडळींचे रात्रीचे जागरणाचे तास वाचले असतील याचा विचार करा.

बाईंचं उत्तर याच हिशेबाचं होतं. यंत्राचा वेळ मोजता तर माणसाचाही मोजा. गणित हातात आल्यापासून उत्तर हातात पडेपर्यंत किती दिवस गेले ते धरा. यंत्रानं अर्धा मिनिट जास्त घेतला पण माणसाचे दोन आठवडे वाचले, तर तोटा कुठे झाला? हा युक्तिवाद आजपर्यंत पुरलाय. पायथनची बाजू घेणारा तुमचा रूममेट नकळत हाच मांडत असतो. मात्र त्यातली एक अट तो विसरतो. बाईंच्या हिशेबात दोन्ही रकाने भरलेले होते. यंत्राचा रकाना त्यांनी कधी कोरा सोडला नाही.

पुढची उडी जास्त धाडसाची होती. ऑफिसात हिशेब करणाऱ्या लोकांना गणिताची चिन्हं आवडत नाहीत, त्यांना शब्द द्या, असं बाईंचं म्हणणं. म्हणून साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा आली. साहेबांना पटावं म्हणून त्यांनी हीच करामत फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवली, तर साहेब आणखीच बिथरले. अमेरिकन यंत्राला फ्रेंच कशी कळेल! यंत्राला इंग्रजीही कळत नसते, शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला तरी काही बिघडत नाही, हे पटवायला बाईंना महिने लागले. मराठीत प्रोग्रामिंग होईल का असं जे विचारतात त्यांच्यासाठी उत्तर इतकं जुनं आहे.

मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच धंद्याची भाषा करायचं ठरलं. ती कोबोल. बाईंना कोबोलची आई म्हणतात, पुढे आजीही म्हणू लागले. खरं तर भाषा लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या, सल्लागार होत्या. पण पाया घेतला गेला तो मुख्यतः फ्लो-मॅटिकचा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, युनिव्हॅक टू आणि आरसीए ५०१ वर, चालवून दाखवला गेला. आज एक फाइल कुठल्याही फोनवर उघडते याचं आपल्याला काहीच वाटत नाही. तेव्हा तो चमत्कार होता.

कोबोलवर टीकाही भरपूर झाली. लांबण लावणारी, पाल्हाळिक भाषा. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी तर १९७५ मध्ये ती शिकवणं गुन्हा ठरवावा इथपर्यंत मजल मारली. पण इथे एक बारीक गोष्ट समजून घ्या, होस्टेलच्या वादात कामाला येईल. कोबोलचा पाल्हाळ हा कागदावरचा. कंपायलरमधून जाताना ते सगळे शब्द गळून पडतात आणि यंत्राकडे जातात त्या नुसत्या आज्ञा. वाचायला जाड असलेली भाषा चालायला जाड असते असं नाही. आणि उलटही खरं आहे. तीन ओळींचा सुंदर पायथन प्रोग्राम आत काय काय उलगडत असेल ते त्या तीन ओळी सांगत नाहीत.

मग भाषा अगदीच निर्दोष का? तसंही नाही. आकड्यांतच बघू. एक कोटी वेगवेगळे पूर्णांक सी मध्ये ठेवले तर दर आकड्याला ४ बाइट, म्हणजे ४० एमबी. तेच पायथनच्या साध्या यादीत ठेवले तर दर आकड्याला त्याच्या ओळखपत्रासकट २८ बाइट आणि त्याचा पत्ता लिहायला आणखी ८. झाले ३६० एमबी. नऊपट! हा भार भाषेचाच, प्रोग्रामरनं काही चूक केलेली नाही. पण त्याच पायथनमध्ये नमपाय वापरून तेच आकडे पुन्हा ४० एमबीत बसवता येतात. म्हणजे भाषेनं ढिलाईची मुभा दिली, घ्यायची की नाही हे माणसावर सोडलं. माझं मत विचाराल तर भाषेचा गुन्हा आहे, पण तो साथीदाराचा. मुख्य आरोपी दुसरा.

त्याच्याकडे जाण्याआधी कोबोलचं एक देणं सांगून टाकतो, कारण ते महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत पोहोचलंय. जुन्या काळी ८० रकान्यांच्या पंचकार्डावर जागा वाचवायची म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचे. १९६५ ऐवजी ६५. ती काटकसर २००० साल जवळ आल्यावर अंगाशी आली, कारण ०० म्हणजे १९०० की २००० हे प्रोग्रामला कळेना. मग जगभरचा जुना कोबोल कोड तपासायला माणसं लागली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्या-मुंबईतल्या कितीतरी पोरांनी घाईघाईनं कोबोलचे क्लास लावले. त्यातले अनेक तिकडेच स्थिरावले. तुमच्या लांबच्या नात्यात असा एखादा काका निघेलच. तेव्हाही दोष कोबोलला दिला गेला. पण दोनच आकडे लिहा असं भाषेनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि हेही ध्यानात घ्या की ही चूक फुगवट्याची नव्हती, उलट जास्तीच्या कंजूषपणाची होती. हलकं ते सगळं चांगलं, असाही नियम नाही.

१९६६ च्या शेवटी नौदलानं बाईंना निवृत्त केलं. साठी आली होती. सात महिन्यांत परत बोलावलं, कारण नौदलात प्रत्येक कॉम्प्युटरची कोबोल थोडी थोडी निराळी झाली होती आणि ती एका मापात आणायला दुसरं कुणी सापडेना. बोलावणं सहा महिन्यांचं होतं. त्या राहिल्या १९ वर्षं. पगार नौदलाचा, खोलीत उलटं फिरणारं घड्याळ, कारण घड्याळ सुलटंच फिरलं पाहिजे असं कुठे लिहिलंय, हे येणाऱ्याला दिसावं.

आणि ती तार. कॉम्प्युटर आता नॅनोसेकंदात काम करतो असं सगळे म्हणू लागले होते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. बाईंना तो डोळ्यांनी बघायचा होता. त्यांनी हिशेब केला : एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकेल? प्रकाशाच्या वेगानं गेली तरी ३० सेंटिमीटरला थोडी कमी. म्हणून त्यांनी तेवढ्या लांबीचे टेलिफोनच्या तारेचे तुकडे करून घेतले आणि भाषणाला जातील तिथे वाटू लागल्या. शाळकरी मुलांना, ॲडमिरलना, सगळ्यांना. उपग्रहावरून निरोप यायला एवढा वेळ का लागतो असं एखादा अधिकारी कुरकुरला की त्याच्या हातात तार द्यायची आणि इथून उपग्रहापर्यंत अशा किती लागतील ते मोजायला सांगायचं.

मग पिशवीतून निघायचं वेटोळं. मायक्रोसेकंद, म्हणजे हजार नॅनोसेकंद. ९८४ फूट तार, जवळजवळ ३०० मीटर. भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्यांनो, तुमच्या ४०० मीटरच्या फेरीचा पाऊण भाग. प्रत्येक प्रोग्रामरच्या टेबलावर, खरं तर गळ्यातच, हे वेटोळं टांगायला हवं असं त्या म्हणायच्या, म्हणजे एक मायक्रोसेकंद वाया घालवताना आपण काय फेकतोय ते त्याला कळेल. पुढे नॅनोसेकंदाहून हजारपट लहान पिकोसेकंद आला तेव्हा बाई मिरपुडीच्या पुड्या घेऊन फिरू लागल्या. एक कण म्हणजे एक पिकोसेकंद.

आता हीच तार तुमच्या फोनला लावा. ॲप उघडायला तीन सेकंद जास्त लागले तर ती तार होते नऊ लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत जाऊन, परत येऊन, वर उरते.

हे पाचट येतं कुठून? बाईंनी टेपवर ठेवलेल्या त्या तुकड्यांचीच ही पुढची पिढी आहे. त्यांच्या टेपवरचा प्रत्येक तुकडा कुणी लिहिला, किती जागा खातो, हे खोलीतल्या माणसांना ठाऊक असायचं. आज एका छोट्या ॲपमध्ये शेकडो परके तुकडे येतात, त्यातला प्रत्येक आपल्याबरोबर आणखी दहा पाहुणे आणतो आणि यादी कुणी वाचत नाही. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं आपला ११ ओळींचा तुकडा इंटरनेटवरून काढून घेतला. अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायचा, एवढंच त्याचं काम. तर जगभरातले बडे बडे प्रकल्प तयार होईनात. डावीकडे जागा भरायला परक्यावर विसंबून बसलो होतो हेच अनेकांना त्या दिवशी समजलं. त्यात जाहिरातींचे तुकडे मिळवा, तुम्ही काय बघता याची नोंद ठेवणारे तुकडे मिळवा. डेस्कटॉपवरची कितीतरी साधी चॅटची ॲप आत अख्खा ब्राउझर घेऊन येतात. हे सगळं आत ओढायला जावास्क्रिप्ट कुणाच्या मागे लागलेली नसते. कुणीतरी बटण दाबलेलं असतं, बहुतेक वेळा शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारच्या मुदतीसाठी.

पास्कल भाषा देणारे स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रं जेवढ्या वेगानं जलद होतात त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होत जातं. यंत्र वाढलं की कुणी मोजेनासं होतं. वजनकाटा काढून टाकला की गाडीत पाचट किती हे कोण बघणार? आणि आणखी एक. ॲप लिहिणाऱ्याच्या हातात सगळ्यात महाग फोन असतो. त्याच्याकडे ते झटक्यात उघडतं. तुमच्या हातात उघडतं तेव्हा तो तिथे नसतो. फुगवट्याचं बिल बनवणारा भरत नाही, ते ढोकीत भरलं जातं.

मर्यादेत काम होत नाही असं म्हणणाऱ्यांना सुपर मारिओ दाखवा. १९८५ चा तो अख्खा गेम, सगळ्या पातळ्या, सगळी गाणी, ४० किलोबाइटमध्ये आहे. तुमच्या आत्याचा गुड मॉर्निंगचा एक गुलाब बहुधा त्याहून जड असतो. आणि एवढ्या लांब कशाला जायचं. आपल्याच भागातून धावणारी बार्शी लाइट आजोबांना विचारा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली ती अडीच फुटी रेल्वे. त्यानं आधीच ठरवलं होतं की कुठल्याही चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भाराची हद्द आधी, डबा नंतर. म्हणून हलके रूळ पुरले आणि गाडी लातूरपर्यंत आली.

हॉपरबाईंचाही मोठ्या यंत्राच्या हव्यासाला विरोध होता. पूर्वी ओंडका ओढायला एक बैल कमी पडला तर लोक मोठा बैल पैदा करायच्या मागे लागत नसत, दुसरा बैल जोडत, असा दाखला त्या द्यायच्या. एका राक्षसी कॉम्प्युटरऐवजी लहान यंत्रं एकमेकांना जोडा, हा त्याचा अर्थ, आणि सत्तरच्या दशकात तो अनेकांना वेडेपणा वाटला होता.

ऑगस्ट १९८६ मध्ये रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९, नौदलात नोकरीवर असलेल्या सर्वांत वयस्कर अधिकारी. समारंभ बोस्टनला कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर झाला. घरी बसतील तर त्या कसल्या. लगेच एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि तारा वाटत राहिल्या. १ जानेवारी १९९२ ला झोपेतच गेल्या. चार वर्षांनी नौदलानं एका विनाशिकेला त्यांचं नाव दिलं.

त्या तारांची एक जुडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेली आहे. पतंगही तिथेच आहे, नोंदवहीच्या पानावर, टेपखाली.